तिरप्या अक्षराची कुळकथा

आमच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापावयाची होती, तेव्हां तिचा नमुना घरांतील मंडळींनीं माझ्यापुढें ठेवला. "काका, तुम्हीं जन्मभर मुलांचीं अक्षरें तपासलींत, आतां हीं एवढीं तपासा," असें पुतण्या म्हणाला. पत्रिकेची एक बाजू मराठी होती. तींत मुहूर्त व निमंत्रण. दुसरी इंग्रजी, तींत सायंकाळच्या स्वागतसमारंभाचें बोलावणें. ती इंग्रजी बाजू पाहून मी खरोखर हरखून गेलों. उजवीकडे किंचित् कललेलीं तीं अक्षरें, त्यांचे भरदार दांडे, आणि एका दांड्यास दुसऱ्याशीं जोडणाऱ्या केसाहून बारीक रेषा! जणू भरतनाट्य करणाऱ्या नटीनें एका बाजूस झुकून हात पसरले आहेत. "हा बोडोनी इटॅलिक," पुतण्यानें माहिती दिली. मीं शुद्धलेखन पाहिलें, तिथि-वार पडताळले, आणि खालीं सही केली.

आमचे वडील चुलतबंधु नाना यांचें वय ८१ वर्षें. सकाळचा मुहूर्त गांठणें त्यांस झेपणारें नव्हतें, म्हणून ते समारंभासच येणार होते. समारंभ चार वाजतां होता. नाना नातवास घेऊन आले ते एक वाजतां. सभागृहास कुलूप, बाहेर वैशाखाचें ऊन. आजा-नातू तीन तास पायरीवर बसून राहिले. आम्ही पोंचलों तेव्हां नाना शांतपणें एवढेंच म्हणाले, "बापू, पत्रिकेंत एक लिहिलें होतें, मी एकला आलों." मीं त्यांच्या हातांतून पत्रिका घेतली. तेथें इंग्रजी चाराचा आंकडा होता. परंतु त्याच्या दोन रेषा, एक तिरपी व एक आडवी, इतक्या नाजूक होत्या कीं, सोनेरी शाईंत व खरबरीत हातकागदावर त्या उमटल्याच नव्हत्या. उरला होता तो एकटा उभा दांडा. त्यास एक म्हणूं नये तर काय म्हणावें? नाना रागावले नाहींत, हेंच माझ्या मनास अधिक लागलें.

अपराध अक्षराचा कीं, त्याची योजना करणाऱ्याचा, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यांत घोळूं लागला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां या अक्षराची जी कुळकथा हातीं आली, ती वाचकांस सादर करितों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यास आपण 'इटॅलिक' म्हणतों तें नुसतें वांकडें केलेलें सरळ अक्षर नव्हे. सरळ वळणाच्या छापील इंग्रजी अक्षरास 'रोमन' म्हणतात. रोमन वळणाचा लहान 'ए' पाहावा. त्याच्या पोटावर एक छत्र असतें. इटॅलिकमध्यें तें छत्र गळून केवळ पोट व दांडा राहतो, म्हणजे आपण हातानें लिहितों तसा. रोमन 'एफ' ओळीवर उभा राहतो. इटॅलिक 'एफ' बहुधा ओळीखालीं पाय सोडतो. तात्पर्य, हीं दोन वळणें भिन्न आहेत. मराठी वाचकास हा भेद समजावून देण्यास एकच दृष्टांत पुरे : रोमन म्हणजे त्यांची बाळबोध, आणि इटॅलिक म्हणजे त्यांची मोडी. एक पोथीची लिपि, दुसरी धांवत्या हाताची.

हा दृष्टांत केवळ शोभेचा नाहीं, इतिहासासही तो धरून आहे. पंधराव्या शतकांत इटलींतील विद्वान् मंडळी प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या नकला करीत, तेव्हां भरभर लिहितां यावें म्हणून त्यांनीं एक कललेलें, जुळतें वळण सिद्ध केलें होतें. पुढें राजदरबारांच्या व धर्मपीठाच्या दफ्तरांतही तेंच वळण रूढ झालें. व्हेनिस शहरीं आल्डस मॅन्यूशियस नांवाचा एक विद्वान् मुद्रक होता. त्याच्या पदरीं बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो हा ठसे कोरणारा कारागीर होता. ग्रिफोनें त्या लेखणीच्या वळणाचे पोलादी ठसे कोरले, आणि इ. स. १५०१ मध्यें आल्डसनें व्हर्जिल कवीचें काव्य आरंभापासून अखेरपर्यंत त्याच टाइपांत छापून काढलें. पुस्तकाचा आकारही नवा, हातांत धरून फिरतां फिरतां वाचतां येईल असा आटोपशीर होता. त्यापूर्वीं असे ग्रंथ बहुधा मोठ्या आकाराचे, मेजावर ठेवून वाचण्याचे असत. गंमत अशी कीं, त्या पहिल्या इटॅलिकमध्यें मोठीं अक्षरें सरळच उभीं होतीं. कललीं होतीं तीं फक्त लहान. थोरल्यांनीं कलावयास पुढें कांहीं काळ जावा लागला.

म्हणजे जन्मतः इटॅलिक हें कोणाचें आश्रित नव्हतें. सोळाव्या शतकांत इटलींत व फ्रान्सांत सबंध पुस्तकें या अक्षरांत निघत. पुढें मात्र रोमनचें राज्य स्थिर झालें, व इटॅलिक त्याच्या घरीं नांदावयास आलें. प्रस्तावना, उतारे, परभाषेंतील शब्द, ग्रंथांचीं नांवें, आणि ज्या शब्दावर वाचतांना आघात द्यावयाचा तो शब्द, एवढीं कामें त्याच्याकडे आलीं. जन्मस्थानावरून त्यास 'इटॅलिक' हें नांव इतर देशांनीं दिलें. खुद्द इटलींत त्यास 'कोर्सिव्हो' म्हणजे धांवतें अक्षर असें म्हणतात.

आतां दुसरा विशेष, जाड-बारीक रेषांचा. आल्डसच्या काळच्या अक्षरांत हा भेद सौम्य होता; कारण तो रुंद टोंकाच्या लेखणीनें पडतो तेवढाच होता. आपण बोरूनें कित्ता गिरविला आहे, त्यांस हें सांगणें नकोच. बोरूचें टोंक तिरपें छाटलेलें असलें म्हणजे एका दिशेस रेघ भरदार येते व दुसऱ्या दिशेस आपोआप बारीक होते. पुढें तांब्याच्या पत्र्यावर टोंकदार सळईनें कोरून छापण्याची कला युरोपांत वाढीस लागली. (आपल्याकडेही मिरजेस १८०५ सालीं भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरूनच छापली गेली.) सळईचें टोंक हवें तितकें बारीक, त्यामुळें कोरीव अक्षरांतील बारीक रेषा केसासारखी होऊं लागली. टांकानें लिहिणारे सुलेखनकारही तोच थाट अनुकरूं लागले, आणि डोळ्यांस त्याची गोडी लागल्यावर शिशाच्या खिळ्यांनींही तसें व्हावें असें कारागिरांस वाटूं लागलें.

या वाटेवरचा पहिला मोठा पुरुष इंग्लंडांतील बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल. हा मूळचा सुलेखनाचा शिक्षक, म्हणजे आमच्याच जातीचा! त्यानें १७५७ सालीं व्हर्जिलच छापून आपल्या टाइपाची परीक्षा दिली. बारीक रेषा स्पष्ट उमटावी म्हणून त्यानें गुळगुळीत कागद मिळविला, शाई अधिक काळी केली, आणि छापलेले ताव तापल्या पत्र्यांमध्यें दाबून तुकतुकीत केले. तरी टीका व्हावयाची ती झालीच. एका गृहस्थानें बेंजामिन फ्रँक्लिन यांस बजावलें कीं, हीं सडपातळ अक्षरें राष्ट्रास आंधळें करतील. फ्रँक्लिन मोठे खट्याळ. त्यांनीं कॅस्लन या जुन्या, सर्वमान्य कारागिराच्या नमुन्याच्या तावावरील नांव फाडून टाकलें व तो ताव बास्करव्हिलचा म्हणून त्या गृहस्थांपुढें ठेवला. गृहस्थांनीं त्यांतील दोष एकामागून एक दाखविले, आणि वाचतांना डोळे दुखतात असेंही सांगितलें! ही हकीकत फ्रँक्लिन यांनीं १७६० सालीं स्वतः बास्करव्हिलास पत्रानें कळविली. नव्या वस्तूविषयींच्या आपल्या पुष्कळशा तक्रारी केवळ संवयीच्या असतात, हा तींतील बोध मीं मुकाट्यानें पदरीं घेतला. पण नानांचें तसें नव्हतें. त्यांच्या हातीं आलेल्या कागदावर ती रेषाच नव्हती. एक तक्रार पूर्वग्रहाची व दुसरी प्रत्यक्षाची; दोहोंत भेद केलाच पाहिजे.

बास्करव्हिलचा भक्त म्हणजे आपल्या कथेचा नायक जांबातिस्ता बोडोनी. याचा जन्म १७४० सालीं इटलीच्या पीडमाँट प्रांतांत सालुत्सो गांवीं एका मुद्रकाच्या घरीं झाला. अठराव्या वर्षीं तो रोमला गेला व तेथें ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या छापखान्यांत कामास राहिला. पौर्वात्य लिप्यांचे ठसे तेथें अस्ताव्यस्त पडले होते; ते त्यानें लावून ठेविले. या छापखान्याचा आपल्याशीं संबंध आहे. १७७१ सालीं येथूनच नागरी लिपीची ओळख करून देणारें लॅटिन पुस्तक निघालें, आणि १७७८ सालीं मराठी भाषेचें एक व्याकरण पोर्तुगीज भाषेंत प्रसिद्ध झालें. बोडोनी मात्र त्यापूर्वींच, १७६६ सालीं, तेथून निघाला होता. इंग्लंडास जाऊन बास्करव्हिलला भेटावें हा त्याचा मनोदय. पण वाटेंत तापानें गांठलें व तो घरीं परतला. ती भेट राहिलीच. १७६८ सालीं पार्माच्या ड्यूकनें आपला छापखाना चालविण्यास त्यास बोलाविलें, आणि तेथेंच त्यानें ४५ वर्षें, म्हणजे ३० नोव्हेंबर १८१३ रोजीं देह ठेवीपर्यंत, काढिलीं.

प्रारंभीं तो पॅरिसच्या फूर्निए या कारागिराचे टाइप वापरी व त्यांचें अनुकरण करी. हळूहळू त्याचा हात स्वतंत्र झाला. त्याच सुमारास पॅरिसांत दिदो घराणें त्याच दिशेनें चाललें होतें. फिर्मां दिदो यानें १७८४ च्या सुमारास या नव्या पद्धतीचा पहिला टाइप कोरला असें मानतात. दोघांच्या चढाओढींत अक्षरानें आपलें जुनें लेखणीचें शरीर टाकलें. दांडा ताठ व भरदार; दांड्याच्या टोंकास असणारी आडवी पट्टी, जीस 'सेरिफ' म्हणतात, ती सुतासारखी; वळणाच्या शेवटीं शाईच्या थेंबासारखा वाटोळा गोळा; आणि भोंवतीं भरपूर मोकळी जागा. सरळ अक्षरांत हा थाट गंभीर व कांहींसा कठोर दिसतो. इटॅलिकमध्यें मात्र त्याच जाड-बारीक रेषांस झुळकेची गति मिळते. म्हणून बोडोनीचें खरें लावण्य त्याच्या इटॅलिकमध्यें आहे असें माझें मत झालें आहे.

त्याची चिकाटी पाहून थक्क व्हावें. १८०६ सालीं त्यानें एकच ख्रिस्ती प्रार्थना १५५ भाषांत छापून दाखविली. त्याचा 'मान्युआले तिपोग्राफिको' हा टाइपांच्या नमुन्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ त्याच्या हयातींत पुरा झाला नाहीं; तो १८१८ सालीं त्याची विधवा मार्गेरिता हिनें प्रसिद्ध केला. पतीचें अर्धें राहिलेलें काम या बाईनें पांच वर्षें खपून तडीस नेलें, हें आमच्या भगिनीवाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत बोडोनीनें अक्षराचे चार गुण सांगितले आहेत : नियमितपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुचि, आणि लालित्य. आमचे साहित्यशास्त्रकारही काव्याचे गुण सांगतांना प्रसादास विसरत नाहींत. शुष्क इंधनांत अग्नि पसरावा तसा ज्याच्या योगें अर्थ मनांत तत्काळ पसरतो, तो प्रसाद. बोडोनीच्या यादींत लालित्य शेवटीं आहे आणि स्वच्छता त्याच्या आधीं, हें ध्यानांत असूं द्यावें.

त्याच्या कीर्तीस ओहोटीही लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंतानें या टाइपावर कडाडून टीका केली व जुन्या, भरीव अक्षरांकडे परतण्याचा उपदेश केला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत बोडोनीचें पुनरुज्जीवन झालें. पुढें १९२२ मध्यें मार्डरश्टाइग या जर्मन मुद्रकास पार्मांतील मूळ मातृकांवरून खिळे ओतण्याची परवानगी मिळाली. आज तर वेषभूषेचीं मासिकें, अत्तरांच्या कुप्या, जवाहिऱ्यांच्या जाहिराती यांवर हेंच जाड-बारीक अक्षर मिरवितांना दिसतें.

मग पत्रिकेंतच तें कां फसलें? याचें उत्तर मला बोडोनीच्याच पद्धतींत सांपडलें. तो एका आकाराचें अक्षर काढून तेंच लहान-मोठें करीत नसे. प्रत्येक आकारासाठीं निराळा ठसा कोरावा लागे, आणि लहान आकारांत बारीक रेषा प्रमाणानें किंचित् जाड ठेवावी लागे. संगणकावर तसें बंधन नाहीं. फलकावर शोभावें म्हणून रेखिलेलें अक्षर बोटाच्या एका दाबासरशी मुंगीएवढें करितां येतें, आणि मग केसाची रेषा कोळ्याच्या तंतूसारखी होते. जाणत्या कारागिरांनीं हा दोष ओळखला होता. १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका बोडोनी टाइपासाठीं मंडळी मुद्दाम पार्मास जाऊन मूळ ठसे पाहून आली, व त्यांनीं लहान, मध्यम व मोठ्या आकारांसाठीं तीन निरनिराळीं रेखाटनें केलीं. आमच्या पत्रिकेंत मोठ्याचें अंगरखें लहानास घातलें होतें. त्यांत खरबरीत कागद, त्यांत फिकी सोनेरी शाई! बास्करव्हिलनें ज्या तीन गोष्टींची काळजी घेतली, नेमक्या त्याच तिन्ही आम्हीं सोडल्या होत्या.

यावरून व्यवहाराचे नियम उघड आहेत. हें अक्षर शीर्षकास, मुखपृष्ठास, वधूवरांच्या नांवास द्यावें; तें मोठें, काळ्या अगर गडद शाईंत व गुळगुळीत कागदावर असावें. वेळ, पत्ता, दूरध्वनीचा आंकडा, औषधाचें प्रमाण, यांस तें कधींही देऊं नये. लांब मजकुरासही देऊं नये. चार ओळींनंतर डोळा शिणतो.

आतां घरचा प्रश्न. पुतण्यानें मराठी बाजूही तशीच कलविली होती, कारण संगणकावर त्यासाठीं एक कळच असते. ती दाबली कीं नागरी अक्षरें उजवीकडे झुकतात. परंतु जसें इटॅलिक हें वांकडें रोमन नव्हे, तसें हें वांकडें नागरी कोणत्याच कुळांतलें नव्हे. कोणा हातानें तें कधीं लिहिलें नाहीं. शिरोरेघ आडवीच राहते आणि तिच्याखालचे दांडे मात्र ओळंब्यावरून ढळतात. वाऱ्यानें दोरीवरचीं धोतरें एका बाजूस उडावीं तसें तें दिसतें. आमचें धांवतें, कलतें वळण मोडी होतें. तिचेही खिळे एकदां झाले होते; विल्यम कॅरी यांचा १८१० सालचा मराठी कोश श्रीरामपूरच्या छापखान्यांत मोडी टाइपांत निघाला. पण युरोपांत पोथीचें वळण व दफ्तराचें वळण एका ओळींत नांदूं लागलें, आणि आपल्याकडे मोडी शाळांतून व छापखान्यांतून निघून गेली. बाळबोध एकटी राहिली.

हें कांहींसें नुकसान आहे. परंतु वाटतें तितकें नाहीं. इंग्रज लेखक एखाद्या शब्दावर आघात देण्यासाठीं तो इटॅलिकमध्यें घालतो. 'मी गेलों' यांतला 'मी' कलविला कीं अर्थ झाला 'दुसरा कोणी नव्हे'. आपण त्यासाठीं एकच अक्षर जोडतों : 'मीच गेलों'. संस्कृतांत एव, हि, खलु आहेत. मराठींत च, ही, तर, ना आहेत. त्यांचा आघात वाक्यांतच बसलेला असतो, आणि तो कानासही ऐकूं येतो. इंग्रजी कादंबरीचें भाषांतर करणारानें कललेल्या शब्दास अक्षर कलवून नव्हे, 'च' देऊन उत्तर द्यावें. इटॅलिकचा आणखी एक उपयोग मला फार आवडला : इंग्रजी बायबलाच्या कांहीं आवृत्त्यांत, मूळ भाषेंत नसलेले पण अर्थासाठीं घालावे लागलेले शब्द इटॅलिकमध्यें छापतात. ही प्रामाणिकपणाची खूण आहे. आमचे टीकाकार अशाच वेळीं 'इति शेषः' म्हणून मोकळे होतात. आणि मूळ व टीका यांचा भेद दाखविण्यास जावजी दादाजींच्या निर्णयसागरानें मोठ्या अक्षरांत मूळ व त्याखालीं लहान अक्षरांत टीका छापून जो मार्ग घालून दिला, तो आजही पुरतो. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या त्या खिळ्यांत जाड-बारीक रेषांचा भेद आहेच. पण तो बोरूचा आहे, आणि त्यांत कोणतीही रेषा हरवत नाहीं.

तेव्हां माझ्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. अक्षर निर्दोष आहे. सही माझी होती. मीं शब्द तपासले, तिथि तपासली, पण तें अक्षर कोणाच्या डोळ्यांनीं वाचलें जाणार याचा विचार केला नाहीं. शाळेंत मुलांस मी नेहमीं सांगत असें कीं, अक्षर लिहिणाराचें नसतें, वाचणाराचें असतें. तें मीच विसरलों.

या श्रावणांत घरीं सत्यनारायणाची पूजा झाली. निमंत्रणाचें शीर्षक पुतण्यानें हौसेनें नक्षीदार केलें; मीं अडविलें नाहीं. पण छापण्यापूर्वीं तो नमुना घेऊन मी स्वतः नानांकडे गेलों. दिवेलागण झाली होती. त्यांनीं चष्मा न लावतां कागद हातभर दूर धरला आणि वाचलें, "सायंकाळीं ६ वाजतां." मग माझ्याकडे पाहून हंसून म्हणाले, "या खेपेस सहाला आलों तर दार उघडें असेल ना रे?"